काँक्रीटच्या नाल्याची पुन्हा नदी झाली

शहरातल्या उद्यानाला भेट द्यायची म्हणजे हिरवळ, कारंजी, घसरगुंडी आणि डब्यातला खाऊ. सहलीच्या अहवालात याहून वेगळे सहसा काही येत नाही. पण काही उद्याने अशी असतात, की ती नीट पाहिली तर भूगोल, भौतिकशास्त्र आणि जीवशास्त्र यांचे तीन-चार पाठ एकाच फेरीत शिकवून होतात. सिंगापूरमधील बिशान-आंग मो किओ उद्यान हे त्यांपैकी एक. त्याच नावांच्या दोन दाट वस्त्यांच्या मध्ये ते पसरलेले असून त्याचे क्षेत्रफळ ६२ हेक्टर, म्हणजे सुमारे १५३ एकर आहे. आपल्याकडून सिंगापूरला जाणाऱ्यांची संख्या आता पुष्कळ वाढली आहे. त्यांनी एक सकाळ राखून ठेवावी असे हे ठिकाण आहे.

सिंगापूर विषुववृत्ताच्या अगदी जवळ आहे. तेथे वर्षाला २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पण आपल्यासारखा चार महिन्यांत नव्हे, तर वर्षभर विखरून. तो बहुधा वळवासारखा येतो: थोडा वेळ, पण धो धो. शहरातली छपरे, रस्ते आणि फरसबंदी यांच्यामुळे हे पाणी जमिनीत मुरत नाही, सगळे एकदम नाल्यांकडे धावते. पूर टाळण्यासाठी तेथील अभियंत्यांनी पूर्वी सर्वत्र केला जाणारा उपाय केला. कालांग नदीचा येथला प्रवाह सरळ करून त्याला काँक्रीटचा तळ आणि काँक्रीटच्या भिंती दिल्या. तयार झाला २.७ किलोमीटर लांबीचा सरळसोट कालवा. १९८८ साली त्याच्या शेजारी उद्यान झाले, पण कालवा आणि उद्यान यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. एरवी कालव्याच्या तळाशी पाण्याची बारीक धार असे, आणि पाऊस आला की धोकादायक लोंढा.

कालव्याची क्षमता वाढवणे पुढे गरजेचे झाले. तेव्हा तेथील जलखाते आणि उद्यान मंडळ यांनी वेगळा मार्ग निवडला. २००९ मध्ये काम सुरू झाले. काँक्रीट फोडून काढले आणि नदीला उद्यानातून वळणे घेत वाहण्यासाठी जागा करून दिली. पूर्वीच्या २.७ किलोमीटरच्या जागी आता ३.२ किलोमीटर लांबीची वळणदार नदी आहे. फोडलेल्या काँक्रीटचे तुकडेही वाया घालवले नाहीत. त्यांची उद्यानातच एक टेकडी केली. मार्च २०१२ मध्ये नवे उद्यान खुले झाले. खर्च आला सुमारे ७ कोटी ६० लाख सिंगापूर डॉलर.

आता एक कोडे विद्यार्थ्यांपुढे ठेवा. काँक्रीट गुळगुळीत असते, त्यावरून पाणी वेगाने वाहते. दगडगोटे, गवत, झुडपे आणि वळणे असलेल्या नदीत पाणी अडखळत, सावकाश जाते. तरीही या नदीची पूर वाहून नेण्याची क्षमता जुन्या कालव्यापेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी जास्त आहे. हे कसे?

बहुतेक विद्यार्थी 'वेग जास्त म्हणजे वाहून जाणारे पाणी जास्त' असे धरून चालतात. पण एका सेकंदात किती पाणी वाहून जाते, हे दोन गोष्टींवर ठरते: पाण्याचा वेग आणि प्रवाहाच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ. दोन्हींचा गुणाकार म्हणजे विसर्ग. जुना कालवा १७ ते २४ मीटर रुंद होता. नव्या नदीचे पात्र पुराच्या वेळी जवळजवळ १०० मीटरपर्यंत पसरू शकते. उदाहरणापुरते काही आकडे गृहीत धरू. कालवा २० मीटर रुंद, पाणी ३ मीटर खोल, वेग सेकंदाला ४ मीटर: विसर्ग झाला सेकंदाला २४० घनमीटर. नदी १०० मीटर रुंद, सरासरी खोली २ मीटर, वेग केवळ १.७ मीटर: विसर्ग ३४० घनमीटर. वेग निम्म्याहून कमी झाला, तरी विसर्ग वाढला. खोली आणि वेग आपण मानलेले आहेत, पण तत्त्व तेच.

वेग कमी होण्याचा आणखी एक फायदा असतो. शाळा सुटल्यावर सगळी मुले एकदम फाटकाकडे धावली तर चेंगराचेंगरी होते. वर्गावर्गाने सोडली तर तेवढीच मुले सुखरूप बाहेर पडतात. पाण्याचेही तसेच आहे. सरळ कालवा आपल्या भागातले पाणी झटपट खाली ढकलतो, पण पुढच्या वस्तीत सगळीकडचे पाणी एकाच वेळी पोचते. सावकाश येणारे पाणी पुराचा कळस बोथट करते.

काठ मातीचे असतील तर ते वाहून जाणार नाहीत का? ही शंका तेथील अभियंत्यांनाही होती. म्हणून आधी उद्यानातल्याच एका ६० मीटर लांबीच्या नाल्यावर त्यांनी दहा वेगवेगळ्या पद्धती करून पाहिल्या: काटक्यांच्या मोळ्या, जाळीत भरलेले दगड, झाडे लावलेले दगडी उतार इत्यादी. मुळे मातीचे कण धरून ठेवतात आणि पुरात आडवी होणारी पाने-खोडे काठाजवळच्या पाण्याचा वेग मोडतात. काँक्रीट वयाबरोबर झिजते, तर मुळांची जाळी वयाबरोबर घट्ट होत जाते. मात्र छाटणीची आणि देखरेखीची गरज राहतेच.

उद्यानात फिरताना काठाचा उतार मुद्दाम पाहावा. कालव्याच्या उभ्या भिंतीवरून पडलेल्या माणसाला वर येता येत नाही. मंद उतारावर मात्र पाणी चढू लागले की चालत मागे सरता येते. शिवाय पाण्याची पातळी मोजणारी उपकरणे, भोंगे आणि लुकलुकणारे दिवे आहेत. पाणी ओसरले की तोच उतार पुन्हा फिरायला आणि खेळायला मोकळा. तळ्यांचे पाणी स्वच्छ ठेवण्यासाठी वनस्पतींचे वाफे आहेत. त्यांतून पाणी झिरपते, गाळ अडतो आणि मुळांजवळचे सूक्ष्मजीव पाण्यातली घाण खातात.

उद्यान झाल्यावर मासे, चतुर, बगळे दिसू लागले आणि २०१४ च्या सुमारास पाणमांजरांचे एक कुटुंबही येथे राहायला आले. भारतातल्या नद्यांमध्ये आढळणारीच ही जात. त्यांना कोणी आणून सोडले नव्हते. अन्न आणि आसरा दिसला म्हणून ती आली.

मग हा उपाय कोणत्याही शहराला लागू पडेल का? दोन अटी लक्षात ठेवाव्यात. पहिली जागेची. येथे नदीला पसरायला शेजारीच मोकळे उद्यान होते. काठापर्यंत इमारती असत्या तर हे शक्य झाले नसते. दुसरी सांडपाण्याची. सिंगापूरमध्ये पावसाचे पाणी आणि मैलापाणी वेगवेगळ्या मार्गांनी जाते. मैला वाहणाऱ्या नाल्याचे काठ कितीही हिरवे केले तरी त्याची नदी होत नाही.

हा पाठ वर्गातही करून पाहता येतो. एक पत्र्याची पन्हळ आणि तेवढ्याच लांबीचा एक पसरट ट्रे घ्या. ट्रेमध्ये ओली वाळू, खडे आणि गवताची मुळासकट ढेकळे रचा. दोन्हींना सारखाच उतार द्या आणि वरून एकेक लिटर पाणी एकदम ओता. खालच्या टोकाशी दर पाच सेकंदांनी नवा पेला धरा. पेले ओळीने मांडले की पाण्याचा स्तंभालेखच समोर उभा राहतो: पन्हळीचा उंच आणि अरुंद, ट्रेचा बुटका आणि लांबट. दोन्ही आलेख वहीत काढून घ्या. मग विद्यार्थ्यांना घेऊन गावातल्या ओढ्यावर जा, त्याची रुंदी दोन-तीन ठिकाणी मोजा आणि पूर आला तर त्याला पसरायला कोठे जागा उरली आहे, ते त्यांनाच शोधू द्या.