घरी कॉफी कॉकटेल करताय? मग कॅफिन आणि दारूचं गणित आधी समजून घ्या

इन्स्टावर सध्या एक रील सारखं समोर येतं. काळपट कॉफी, वर पांढरट फेस, फेसावर कॉफीच्या तीन बिया आणि खाली कॅप्शन, "एस्प्रेसो मार्टिनी ॲट होम". बघायला भारी वाटतं. पण रीलमधल्या माणसाच्या मागे एस्प्रेसो मशीन असतं. आपल्या हिंगोलीत, वसमतला किंवा कळमनुरीला घरात काय असतं? चहाचं पातेलं आणि इन्स्टंट कॉफीची बरणी.

तर विषय असा आहे, की तेवढ्यावरही भागतं.

हे पेय 1980 च्या दशकात लंडनमध्ये डिक ब्रॅडसेल नावाच्या बारटेंडरने बनवलं. झोप उडेल आणि चढेलही असं काहीतरी एका मॉडेलने मागितलं, असा किस्सा सांगतात. सुरुवातीला त्याचं नाव साधं 'वोडका एस्प्रेसो' होतं. मार्टिनीशी याचा संबंध फक्त ग्लासापुरता आहे.

बारमधलं माप असं: 50 मिली वोडका, 30 मिली कॉफी लिकर, 10 मिली साखरेचा पाक आणि एक एस्प्रेसो. कॉफी लिकर म्हणजे कॉफीच्या चवीची गोड दारू. ती महाग असते आणि तालुक्याच्या दुकानात मिळेलच असं नाही. तिच्याऐवजी साखर वाढवा. दोन छोटे चमचे इन्स्टंट कॉफी आणि दोन चमचे साखर 30 मिली गरम पाण्यात विरघळवा आणि पूर्ण थंड होऊ द्या. मग वोडका आणि भरपूर बर्फ घालून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या बाटलीत पंधरा-वीस सेकंद जोरात हलवा आणि गाळून घ्या. कॉफी गरम असताना बाटली बंद करून हलवली, तर आत दाब वाढून झाकण उडतं. छतावरचे डाग नंतर घरच्यांना समजावून सांगणं अवघड जातं.

फेस येतो कुठून? 2020 च्या लॉकडाऊनमध्ये सगळ्यांनी फेटून फेटून हात दुखवून घेतले, ती डालगोना कॉफी आठवा. कॉफीतले काही विरघळणारे घटक हवेचे बुडबुडे धरून ठेवतात. इथेही तेच होतं. पाकिटावर चिकोरीचं प्रमाण छापलेलं असतं, ते बघून घ्या. चिकोरीत कॅफिन नसतं आणि चवही वेगळी लागते.

मला विचाराल तर आपल्याकडे आयरिश कॉफी जास्त सोपी पडते. गरम काळी कॉफी, साखर, व्हिस्की (रमही चालते) आणि वर तरंगणारं क्रीम. क्रीमऐवजी म्हशीच्या दुधाची साय गाठी मोडेपर्यंत हलकी घुसळा आणि चमच्याच्या पाठीवरून अलगद सोडा. यात साखर टाळू नका. साखरेने कॉफी जड होते, म्हणून साय वर राहते.

आता रीलमध्ये न सांगितलेला भाग.

थकवा आला की मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन झोपेचा सिग्नल देतं. कॅफिन तो सिग्नल अडवतं. दारूने येणारी सुस्ती त्यामुळे जाणवत नाही, पण रक्तातली दारू तेवढीच राहते. म्हणजे माणूस टुकटुकीत दिसतो, "मला काहीच झालं नाही" म्हणतो आणि पुढचा ग्लास भरतो. याच कारणाने नोव्हेंबर 2010 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने कॅफिन घातलेली तयार दारू विकणाऱ्या चार कंपन्यांना इशारा दिला होता. "कॉफी पाज, उतरेल" हा सल्लाही त्यामुळे खोटा ठरतो.

आकडे बघा. बाटलीवर 42.8 टक्के लिहिलेलं असतं. 60 मिलीच्या पेगमध्ये जवळपास 20 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. यकृत तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम पचवतं. म्हणजे एका पेगलाच दोन-तीन तास लागतात. कॅफिनचं प्रमाण अर्ध्यावर यायला साधारण पाच तास लागतात, म्हणून रात्री अकराला प्यायलात तर झोपेचं खोबरं नक्की.

आणि पार्टी संपल्यावर गावाकडे जायचं असतं ते बाईकवर. 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. "मी टाइट नव्हतो" हे तिथे चालत नाही, मशीन आकडा दाखवतं.

महाराष्ट्रात वोडका, रम, व्हिस्कीसाठी वयाची अट 25 वर्षांची आहे. 21 फक्त वाइन आणि माइल्ड बिअरला. शिवाय घरात प्यायलाही परवाना लागतो. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. एक दिवसाचा परवाना बहुतेक वेळा दुकानदारच फाडतो, बिलासोबत मागून घ्या.

गाडी चालवणाऱ्यासाठी त्याच बाटलीत वोडका वगळून कॉफी, साखर, बर्फ हलवा आणि ग्लासात टॉनिक वॉटरवर ओता. फेस तसाच येतो, फोटोही तसाच निघतो.