व्हीएलसीचा आतला कप्पा

भाच्याच्या मुंजीचा फोनवर घेतलेला व्हिडिओ आमच्या जुन्या लॅपटॉपवर लावला. मंगलाष्टकं स्वच्छ ऐकू येत होती, पण अक्षता हवेतच थिजलेल्या. मधूनच चित्र तीन-चार पावलं पुढे उडी मारायचं. फाइल खराब झाली, असं घरात सगळ्यांनी ठरवूनही टाकलं. फाइल धडधाकट होती. लॅपटॉपला ती वेळेत उलगडता येत नव्हती.

4के व्हिडिओच्या एका चित्रात 3840 गुणिले 2160, म्हणजे सुमारे 83 लाख ठिपके असतात. सेकंदाला 30 चित्रं दाखवायची तर एकेका चित्राला जेमतेम 33 मिलिसेकंद मिळतात. त्यातून फाइलमध्ये सगळी चित्रं पूर्ण साठवलेली नसतात. अधूनमधून एखादं पूर्ण असतं, बाकीच्यांत फक्त आधीच्या-नंतरच्या चित्रांपेक्षा काय बदललं याची नोंद. त्या नोंदींवरून पुन्हा चित्र उभं करणारा तो डिकोडर. हे काम ग्राफिक्स चिपमधलं खास सर्किट करतं, नाहीतर प्रोसेसर सॉफ्टवेअरच्या मदतीने करतो.

व्हीएलसी हा प्लेअर 1996 साली पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या प्रकल्पातून आला. 2018 च्या 3.0 आवृत्तीपासून तो शक्य तिथे आपणहून ग्राफिक्स चिपकडे काम सोपवतो. म्हणून काहीही बदलण्याआधी मोजून घ्या. व्हिडिओ चालू असताना कंट्रोल आणि जे दाबा. कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबण्याची पद्धत, कोणता ते तिथे दिसेल, आणि स्टॅटिस्टिक्सच्या पानावर 'लॉस्ट' म्हणजे गळालेल्या चित्रांचा आकडा. आमच्याकडे हा आकडा सारखा चढत होता. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूखाली, म्हणजे ग्राफिक्स चिपच्या पानावर, 'व्हिडिओ डिकोड'चा आलेख असतो. तो हलत असेल तर चिप काम करते आहे.

आता आतला कप्पा. टूल्समधून प्रेफरन्सेस उघडा. खाली डाव्या कोपऱ्यात 'शो सेटिंग्ज'समोर 'सिंपल' निवडलेलं असतं, तिथे 'ऑल' करा. डावीकडे लांबलचक यादी येईल. तीत इनपुट/कोडेक्स, मग व्हिडिओ कोडेक्स, मग एफएफएमपेग. बिचकू नका, यातल्या दोनच गोष्टींशी आपलं काम आहे.

पहिली, हार्डवेअर डिकोडिंग. आमच्या लॅपटॉपवर चिपने उलगडलेल्या चित्रात हिरवे चट्टे यायचे. ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट करूनही ते गेले नाहीत, म्हणून इथे 'डिसेबल' केलं. चट्टे गेले, पण सगळा भार प्रोसेसरवर आला आणि अडखळणं वाढलं.

तेव्हा दुसरी उपयोगी पडली: 'स्किप द लूप फिल्टर'. एच.264 पद्धतीत चित्र लहान-लहान चौकोनांत कापून दाबलेलं असतं. उलगडताना चौकोनांच्या कडा उमटतात. त्या पुसून सारख्या करणं हे लूप फिल्टरचं काम, आणि ते बरंच वेळखाऊ. ते सरसकट टाळलं तर मात्र एका चित्रातली चूक त्यावर बेतलेल्या पुढच्या चित्रांत उतरते, साचत जाते आणि चेहरे डागाळतात. म्हणून 'ऑल' नको, 'नॉन-रेफ' निवडा. ज्या चित्रांवर दुसरं कुठलंच चित्र बेतलेलं नाही, तेवढ्यांचीच पुसापुशी मग टळते. चूक असलीच तर त्या एका चित्रासोबत संपते. आमच्या व्हिडिओत एवढ्याने पुरेसा फरक पडला. भिक्षावळीच्या वेळी आजीचा थरथरता हात सलग दिसला. एक लक्षात ठेवा, चिप डिकोड करत असेल तेव्हा या पर्यायाचा काही परिणाम होत नाही.

'थ्रेड्स'समोर 0 असेल तर ते तसंच राहू द्या. त्याचा अर्थ प्लेअरने स्वतः ठरवावं. एका वेळी एकच बदल करा, सेव्ह करा, व्हीएलसी बंद करून पुन्हा उघडा आणि गळालेल्या चित्रांचा आकडा परत पाहा. दोन बदल एकदम केले तर गुण कशाने आला ते कळणारच नाही.

व्हिडिओ एच.264 ऐवजी एचईव्हीसी या दुसऱ्या कोडेकमध्ये असेल आणि चिपमध्ये त्याचं सर्किटच नसेल, तर कुठलंही सेटिंग ते निर्माण करू शकत नाही. इंटेलच्या प्रोसेसरांत दहा-बिट एचईव्हीसीची पूर्ण सोय सातव्या पिढीपासून आहे. त्याआधीच्या यंत्रासाठी हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरने 1080पी एच.264 प्रत काढून घेणं हाच खरा उपाय.

काही बिघडलंच, तर त्याच खिडकीत खाली 'रीसेट प्रेफरन्सेस'चं बटण आहे. हे सगळे बदल फक्त दाखवण्याच्या पद्धतीत होतात. मुंजीच्या मूळ फाइलला त्यांचा धक्काही लागत नाही.