जक्कूर तलाव : पुनरुज्जीवन आणि देखभाल

बंगळूर शहराला बारमाही नदी लाभलेली नाही. म्हणूनच येथील पूर्वजांनी उतारावर एकाखाली एक तलाव बांधून पावसाचे पाणी अडविले. १५३७ मध्ये बंगळूर वसविणारे केंपेगौडा हे येलहंकाचेच नायक. येलहंका, जक्कूर आणि राचेनहळ्ळी हे तलाव अशाच एका साखळीतील होत.

शहर वाढले, तसे या साखळीत सांडपाणी उतरू लागले. सुमारे १६० एकरांच्या जक्कूर तलावाच्या पुनरुज्जीवनात या सांडपाण्याचाच उपयोग करून घेण्यात आला. दररोज १ कोटी लिटर क्षमतेने उभारलेल्या केंद्रात प्रक्रिया केलेले पाणी प्रथम पाणथळ क्षेत्रात सोडले जाते. तेथील पाणकणीस व अन्य वनस्पती नायट्रोजन आणि फॉस्फरस शोषून घेतात. त्यानंतर ते तलावात पोहोचते.

काठावरील पायवाट नागरिकांसाठी खुली झाली. मच्छीमारांना उपजीविका, पक्ष्यांना आश्रय आणि आसपासच्या विहिरींना पाणी मिळाले. मात्र वाढलेल्या वनस्पती वेळोवेळी कापून बाहेर न काढल्यास त्या कुजतात, शोषलेली द्रव्ये पुन्हा पाण्यात मिसळतात, प्राणवायू घटतो व मासे दगावतात. म्हणूनच सुशोभीकरणाच्या खर्चाबरोबर नियमित देखभालीची तरतूद आणि स्थानिक रहिवाशांचा सहभागही तितकाच आवश्यक ठरतो.