पुन्हा गाडीवर, पण धीराने

रविवार उजाडला की डबा बांधून मोटारसायकलवर निघायचे आणि दिवे लागणीला घरी परतायचे, हा आमचा कित्येक वर्षांचा शिरस्ता. कधी कार्ले, कधी भाजे-बेडसे, कधी देहूरोडचा विहार. एका पावसाळ्यात गाडी खड्ड्यात गेली, डाव्या नडगीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया करून आत सळई घालावी लागली आणि शिरस्ता खंडित झाला.

कोणी म्हणेल, गाडीचे एवढे काय? १९२९ साली चाळीसगावात टांगेवाल्यांनी बाबासाहेबांचा टांगा हाकण्यास नकार दिला. शेवटी आपल्यातल्याच एका नवख्या माणसाने तो हाकला. वाटेत बाबासाहेब टांग्यातून फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. ही हकिकत त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवली आहे. त्या समाजातल्या एका कारकुनाने हप्ते फेडून घेतलेली गाडी म्हणजे नुसते वाहन नव्हे.

म्हणूनच आम्हाला घाई झाली. तिसऱ्याच महिन्यात कुणाला न सांगता गाडी काढली. वळणावर थांबताना डावा पाय टेकला, भार पेलवेना आणि गाडी आमच्यासकट कलंडली. वस्तीतल्या पोरांनी उचलून घरी आणले. आमच्या सहचारिणी एवढेच म्हणाल्या, "अहो, विहारात सोण भिक्खूची गोष्ट तुम्हीच सांगता ना?"

आम्ही खजील झालो. चंक्रमण करता करता सोणाचे पाय रक्तबंबाळ झाले, तेव्हा तथागतांनी त्याला वीणेचा दाखला दिला. तार फार ताणली तरी सूर निघत नाही, फार सैल सोडली तरी निघत नाही.

मग मात्र रीतसर सुरुवात केली. मांडी आवळून धरणे, घोटा वर-खाली करणे, भिंतीला धरून टाचा उचलणे, हे व्यायाम सकाळ-संध्याकाळ केले. तंबाखू सोडली, कारण निकोटीनमुळे हाड जुळायला वेळ लागतो. एक्स-रेत हाड जुळलेले दिसले आणि डॉक्टरांनी होकार दिला, तेव्हाच गाडीला हात लावला. आधी मेन स्टँडवर बसून डाव्या पायाने गिअर टाकून पाहिले. मग मुलाला सोबत घेऊन मोकळ्या मैदानात, थांबताना पाय टेकण्याची आणि अचानक ब्रेक दाबण्याची सवय केली. त्यानंतर महिनाभर फक्त घर ते कचेरी.

आठव्या महिन्यातल्या एका रविवारी येरवड्याहून देहूरोडला निघालो. जाऊन-येऊन साधारण पन्नास किलोमीटर. हेल्मेट डोक्यावर, सहचारिणी मागे. दर अर्ध्या तासाने उतरून पाय मोकळा केला. पिंपरीत बाबासाहेबांच्या पुतळ्याला वंदन करून चहा घेतला. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी ज्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, तिच्यासमोर पोहोचलो. मांडी घालता येईना. एका तरुणाने खुर्ची आणून दिली. पूर्वी आम्ही ती नाकारली असती. त्या दिवशी मुकाट्याने बसलो आणि वंदना म्हटली.

घरी आल्यावर घोटा सुजला होता. पाय उशीवर उंच ठेवला, सकाळपर्यंत सूज उतरली. भाजे लेण्याच्या पायऱ्या अजून बाकी आहेत. त्याही चढू, पण पायाला विचारून.

बंधू-भगिनींनो, आपल्या घरात कुणाचा पाय मोडला असेल तर त्याला घाबरवून घरी बसवू नका आणि घाईने रस्त्यावरही धाडू नका. मैदानात गाडी धरायला एक माणूस सोबत द्या. आम्हाला तोच उपयोगी पडला. जयभीम!