पुण्यात पहिले घर: परिसराविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

पहिल्या घराचा शोध बहुधा सदनिकेपासून सुरू होतो. खोल्या किती, मजला कोणता, हप्ता झेपेल का, एवढे ठरले की परिसराकडे लक्ष जाते. घरात लहान मूल असेल तर हा क्रम उलटा हवा. फरशी, स्वयंपाकाचा ओटा, खिडक्यांच्या जाळ्या पुढे बदलता येतात. जलवाहिनी, शेजारचा ओढा आणि शाळेपर्यंतचा रस्ता एकट्या कुटुंबाच्या हातात नसतो. पुण्यात तर शहराची हद्दच झपाट्याने वाढत गेली, त्यामुळे परिसराबद्दलचे समजही जुन्या शहराच्या अनुभवावर बेतलेले राहिले आहेत.

त्यातला सर्वांत महाग पडणारा समज म्हणजे महापालिकेची हद्द तिथे महापालिकेचे पाणी. ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावे पुणे महापालिकेत आली. त्यांत उंड्री, धायरी, आंबेगाव होती. जून २०२१ च्या अखेरीस आणखी २३ गावे आली. त्यांत वाघोली, सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक, नऱ्हे, किरकटवाडी, नांदेड यांचा समावेश आहे. अधिसूचना एका दिवसात निघते, जलवाहिन्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्या टाकायला वर्षे लागतात. मधल्या काळात अनेक सोसायट्यांची भिस्त बोअरवेलवर आणि टँकरवर असते आणि त्याचा खर्च दरमहा देखभाल शुल्कातून वसूल होतो. अशा भागांत महापालिकेचे पाणी येईपर्यंत पाण्याची सोय बांधकाम व्यावसायिक करील, असे हमीपत्र परवानगीच्या वेळी घेतले जाते. सोसायटी स्थापन होऊन कारभार रहिवाशांकडे गेला की टँकरचे बिल मात्र बहुधा त्यांच्याच गळ्यात पडते. म्हणून शेजारच्या दोन-तीन जुन्या सोसायट्यांच्या सचिवांना एप्रिल-मे महिन्यांतली टँकरची बिले दाखवायला सांगावीत. माहितीपत्रकातल्या ‘चोवीस तास पाणी’ या ओळीपेक्षा त्या कागदांतून जास्त कळते.

पाणी पुरेसे आहे का, एवढाच प्रश्न नसतो. ते शुद्ध आहे का, हेही पाहावे लागते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गुलियन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली. रुग्णांपैकी बरेच जण सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यातले होते आणि संशयाची सुई दूषित पाण्याकडे वळली. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. तो दूषित पाण्यातून आणि अन्नातून पोटात जातो. रुग्णांत लहान मुलेही होती. पाणी कुठून येते, टाकीत क्लोरिन कोण आणि कधी मिसळतो, सांडपाणी कुठे जाते, हे प्रश्न विचारायला घर घेणाऱ्याने मुळीच संकोच करू नये.

‘पूर फक्त नदीकाठी येतो’ हा समज २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री खोटा ठरला. आंबिल ओढ्याला आलेल्या लोंढ्याने कात्रजपासून सहकारनगर, अरण्येश्वरपर्यंतच्या वस्त्यांत हाहाकार उडवला. मुठा नदी तिथून दूर आहे. काठावरची बांधकामे आणि अरुंद झालेले पात्र यांमुळे असा ओढा तासाभराच्या पावसातही धोकादायक ठरू शकतो. नदीकाठचा धोकाही संपलेला नाही. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासला धरणातून सोडलेल्या विसर्गाने सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले. नदीच्या नकाशावर दोन पूररेषा असतात: निळी रेषा साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. ‘१०० वर्षांतून एकदा’ म्हणजे पुढची ९९ वर्षे निर्धास्त, असा अर्थ होत नाही. दरवर्षी एक टक्का शक्यता, असा त्याचा अर्थ आहे. छोट्या ओढ्यांच्या बाबतीत नकाशावर विसंबून न राहता आसपासच्या दुकानदारांना जुन्या पुराचे पाणी कुठवर आले होते ते विचारावे. वाहनतळाच्या भिंतींवर बहुधा त्याच्या खुणा असतात.

शाळेबाबतचा समज असा, की नावाजलेल्या शाळेजवळ घर घेतले म्हणजे प्रवेश निश्चित. काही देशांत राहत्या पत्त्यावरून शाळा ठरते. इथे खासगी शाळांना तसे बंधन नाही. अंतराला कायदेशीर वजन आहे ते शिक्षण हक्क कायदा, २००९ खालच्या २५ टक्के राखीव जागांसाठी. त्या जागा वंचित गटांतल्या आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी असतात, सोडतीने भरतात आणि त्यांत शाळेपासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना आधी प्राधान्य मिळते. बाकीच्या जागांचे प्रवेश शाळा स्वतःच्या नियमांनी देते. म्हणून एका शाळेवर डोळा ठेवून परिसर निवडू नये. चालत किंवा पंधरा मिनिटांत पोहोचता येतील अशा तीन-चार शाळा असलेला भाग अधिक सुरक्षित, कारण पहिली पसंती हुकली तरी मुलाचे दिवसाचे दोन तास बसमध्ये जात नाहीत.

मेट्रोच्या बाबतीत फसवणूक कालगणनेत होते. पुण्यात वनाझ–गरवारे महाविद्यालय आणि पिंपरी-चिंचवड–फुगेवाडी हे पहिले टप्पे ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाले. स्वारगेटपर्यंतचा भुयारी टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये. हिंजवडी–शिवाजीनगर मार्गाचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले. त्या महिन्यात जन्मलेले मूल जून २०२५ मध्ये पहिलीत गेले, तरी त्या मार्गावर प्रवासी वाहतूक सुरू झालेली नव्हती. प्रकल्प वाईट आहे असे नव्हे. त्याच्या नावावर आज जादा दर मोजणाऱ्या कुटुंबाने एवढे ध्यानात घ्यावे, की बालपणाची वर्षे प्रकल्पाच्या मुदतवाढीबरोबर लांबत नाहीत. आज कोणती पीएमपी बस किती वेळाने येते आणि थांब्यापर्यंत पदपथ आहे का, हे घर घेण्याआधी पाहण्याचे प्रश्न आहेत.

हीच गोष्ट विकास आराखड्यातल्या हिरव्या चौकोनांची. ‘समोरची जागा उद्यानासाठी आरक्षित आहे’ हे विक्रेत्याचे वाक्य खरे असू शकते आणि तरीही उद्यान कधीच होणार नाही, असेही घडते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत कारवाई झाली नाही तर आरक्षण रद्द होते. जागेची मालकी महापालिकेकडे आली आहे का, हे विचारल्याशिवाय त्या हिरव्या रंगाला किंमत देऊ नये.

संकुलात क्लब हाऊस आणि झोपाळे असले की मुलांची सोय झाली, हा समज नव्या उपनगरांत फार पसरला आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत दहा टक्के खुल्या जागेची अट साधारणपणे ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांना लागू होते. लहान भूखंडावरच्या इमारतीत ती जागा नसणे नियमबाह्य नाही. शिवाय पाच वर्षांच्या मुलाला पुरणारे अंगण दहाव्या वर्षी अपुरे पडते. त्या वयात मुलाला क्रिकेटसाठी मैदान, पुस्तकांसाठी वाचनालय, सायकलवर जाता येईल असा मित्र आणि एकट्याने जाऊन आणता येईल अशी वाण्याकडची साखर हवी असते. कोथरूड, सहकारनगरसारख्या जुन्या भागांत सदनिका लहान आणि दर चढे असतात, पण या गोष्टी बऱ्याचदा चालत जाण्याच्या अंतरात मिळतात. मुलाचे स्वातंत्र्य घराच्या चौरस फुटांपेक्षा या अंतरावर अधिक ठरते, आणि त्यासाठी एक खोली कमी घेणे हा तोट्याचा व्यवहार नाही.

जुन्या इमारतीत घर घेणाऱ्याने जमिनीचे अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावे झाले आहे का आणि पुनर्विकासाची बोलणी कुठवर आली आहेत, हे तपासावे. पुनर्विकास फायद्याचा असला तरी त्या काळात भाड्याच्या घरात जावे लागते आणि ते शाळेच्या जवळ मिळेलच असे नाही.

पैशांबाबतचा समज असा, की कर्ज मिळाले म्हणजे घर आवाक्यात आले. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्के, ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्याहून मोठ्या कर्जाला ७५ टक्के ही कमाल मर्यादा आहे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क एरवी त्या किमतीत धरले जात नाही. बांधकाम सुरू असलेल्या ८० लाखांच्या सदनिकेला ८० टक्क्यांनी ६४ लाख कर्ज मिळाले, तर १६ लाख स्वतःचे लागतात. पुणे शहरात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. खरेदी स्त्रीच्या नावे असेल तर एक टक्का सवलत. नोंदणी शुल्क ३० हजार, पाच टक्के जीएसटी ४ लाख. एकूण जवळपास २६ लाख रोख. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकल्या जाणाऱ्या सदनिकेवर जीएसटी नसतो.

महारेरा या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडची नोंदणी म्हणजे सरकारने दिलेली खात्री, हाही एक समज. नोंदणीमुळे प्रकल्पाचे नकाशे, मुदत आणि दाव्यांची माहिती संकेतस्थळावर उघड होते आणि खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवणे बंधनकारक होते. किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम नोंदणीकृत करारनाम्याआधी मागता येत नाही. ताबा घेताना भोगवटा प्रमाणपत्र पाहावे. ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष आढळला, तर कळवल्यापासून तीस दिवसांत विकासकाने तो विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. कुंपणाबाहेरचा रस्ता, पाणी आणि शाळा मात्र या पाच वर्षांच्या जबाबदारीत येत नाहीत.