शंखातील बिऱ्हाड

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आम्हां बदलीच्या नोकरीतल्या माणसांना अनुभवानेच पाठ होते. पण श्रोतेहो, विंचवीण पाठीवर वाहते ती आपली पिले. खरोखरीचे घर पाठीवर घेऊन हिंडणारा प्राणी वेगळाच आहे. गोगलगायीचे रिकामे शंख शोधून त्यांत शिरणारा हा खेकडा. इंग्रजीत त्याला ‘हर्मिट क्रॅब’, म्हणजे संन्यासी खेकडा, म्हणतात.

आमच्या भिलाईपासून समुद्र चारशे किलोमीटरांहून अधिक दूर. तरीही चार वर्षांपूर्वी माझ्या मुलीने सुटीतल्या प्रवासाहून येताना, रंगीत शंखांत बसलेले असे दोन खेकडे एका डबीतून आणले. “ओला स्पंज ठेवा, चार दाणे टाका, झाले,” असे दुकानदाराने तिला सांगितले होते. त्यांतला एक तीन महिन्यांत मेला, आणि त्याला कारण माझे अज्ञान. दुसरा आज आमच्या घरी नांदतो आहे. या दोन नशिबांमधले अंतर ज्या ज्ञानाने पडले, ते आज सांगावयाचे आहे.

प्रथम हे ध्यानी घ्यावे की, या खेकड्यांच्या बहुतेक जाती समुद्राच्या पाण्यातच राहतात. त्यांना घरी जगविणे हे तज्ज्ञाचे काम. घरोघर पाळले जातात ते जमिनीवरचे, ‘सीनोबिटा’ प्रजातीतले. आपल्याकडे अंदमान-निकोबार व लक्षद्वीप बेटांवर ते आढळतात. निसर्गात हा प्राणी तीस-तीस वर्षे जगतो. अमेरिकेत १९७६ साली घरी आणलेला एक खेकडा चाळीस वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे. मग आपल्या घरी तो काही महिन्यांतच का मरावा?

याचे पहिले उत्तर हवेत आहे. जमिनीवर राहूनही हा प्राणी कल्ल्यांनीच श्वास घेतो, आणि कल्ले ओले असतील तोवरच ते काम देतात. हवा कोरडी झाली की तो हळूहळू गुदमरतो. हे मरण इतके संथ असते की, पाहणाऱ्यास तो केवळ सुस्तावलेला वाटतो. म्हणून जाळीचा पिंजरा कामाचा नाही. झाकणाची काचेची पेटी हवी, आतली आर्द्रता पाऊणशे ते ऐंशी टक्के हवी आणि उष्णता २४ ते २९ अंशांच्या दरम्यान. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाकडे धावतो व लू वाहते, तेव्हा ही पेटी घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवावी लागते. थंडीत उलट तिला मंद ऊब द्यावी लागते. पेटीत आर्द्रतामापक व तापमापक असावेत. याबाबतीत अंदाजावर विसंबू नये.

पाणी दोन प्रकारचे लागते: एक गोडे, एक खारे. नळाच्या पाण्यातला क्लोरिन त्याला बाधतो, म्हणून तो काढून टाकलेलेच पाणी द्यावे. खाऱ्या पाण्यासाठी स्वयंपाकाचे आयोडीनयुक्त मीठ चालत नाही. मत्स्यालयासाठी मिळणारे सागरी मीठ वापरावे. भांड्यात चढण्या-उतरण्यास दगड ठेवावा, कारण जमिनीवरचा हा खेकडा पाण्यात अडकला तर बुडून मरतो. एका शेजाऱ्यांनी सद्भावनेने सुचविले होते की, त्याला शिवनाथ नदीत सोडून द्या! ती मुक्तता ठरली नसती.

आता माझ्या चुकीकडे येतो. खेकडा वाढतो तेव्हा त्याचे कवच वाढत नाही. ते टाकून नवे धारण करावे लागते. यासाठी तो ओल्या वाळूत खोल गाडून घेतो आणि कित्येक आठवडे, प्रसंगी महिनेही, वर येत नाही. आमचा एक खेकडा असाच नाहीसा झाला. तीन आठवडे वाट पाहून, तो मेला असणार अशा समजुतीने मी वाळू उकरली. आत तो होता, जिवंत आणि मेणासारखा मऊ. दुसऱ्या दिवशी तो खरोखरच मेला. तेव्हापासून पेटीत, मोठ्या खेकड्याच्या उंचीच्या तिप्पट तरी खोल असा, वाळू व काथ्याच्या भुशाचा ओलसर थर असतो, आणि मुलीच्या हस्ताक्षरातली सूचना असते: ‘उकरू नये.’ टाकलेले कवचही काढू नये. त्यातील चुन्यासाठी तो ते स्वतःच खातो.

अंग वाढले की घरही मोठे लागते. तोंड थोडे थोडे मोठे असलेले, न रंगविलेले अनेक शंख पेटीत असावेत. रंगाचे पापुद्रे त्याच्या पोटात जाऊ शकतात. किनाऱ्यावर एखादा मोठा शंख आला की हे खेकडे आकारमानाप्रमाणे रांग लावतात. थोरला नव्या घरात जातो, त्याच्या घरात दुसरा, दुसऱ्याच्या घरात तिसरा. सरकारी निवासस्थानांचे वाटप इतक्या सुरळीतपणे झालेले मी तरी पाहिलेले नाही.

आहार सोपा आहे: खोबरे, फळे, मीठ-मसाला न घातलेली मासळी, वाळकी पाने, आणि चुन्यासाठी समुद्रफेन किंवा अंड्याच्या टरफलाची पूड. तो निशाचर आहे. दिवसा त्याला उचलून खेळवू नये. आणि नाव संन्याशाचे असले, तरी त्याला सोबत प्रिय असते.

मग आम्ही त्याला जोडीदार का आणला नाही? कारण त्याची पिले समुद्राच्या पाण्यातच प्रथम वाढतात. घरच्या पेटीत वंश सहसा चालत नाही. बाजारातला जवळजवळ प्रत्येक खेकडा कुठल्यातरी किनाऱ्यावरून उचललेला असतो. दुसरा विकत घेणे म्हणजे आणखी एकाला घराबाहेर काढणे. कोणाला आपल्याजवळचा खेकडा सांभाळणे अशक्य झाले, तर तो आम्ही आनंदाने ठेवून घेऊ.

तोवर, जो आहे त्याचे आयुष्य पुरे करणे, हे आमच्याकडे लागलेले देणे आहे. आणि समुद्रावर जाल तेव्हा रिकामा दिसणारा शंख उचलण्यापूर्वी क्षणभर थांबा. त्यात कोणी राहत असेल. नसेल, तर उद्या कोणी राहावयास येणार असेल.