एक मार्चचे पान

फाल्गुन जवळ आला की आमच्या शिकवणीत बसंत आणि बहार सुरू होतात. एरवी या रागांना वेळेचे बंधन असते. परंतु त्यांच्या ऋतूत ते कोणत्याही प्रहरी गाण्याची मुभा जुन्या गवयांनी दिलेली आहे. यंदा एका विद्यार्थिनीने मध्येच विचारले, "गुरुजी, वसंत नेमका कोणत्या तारखेला लागतो?"

प्रश्न सोपा नव्हता. पंचांग चैत्राकडे बोट दाखविते. गवई माघातल्या वसंतपंचमीपासूनच बसंत गाऊ लागतात. आणि हवामानखात्याच्या दप्तरी वसंत नावाचा ऋतूच नाही. तेथे जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे हिवाळा आणि १ मार्चपासून उन्हाळा. एका रात्रीत ऋतू पालटला! मला मात्र त्या प्रश्नाने सौंसरच्या एका वहीची आठवण झाली.

सौंसर ही माझी सासुरवाडी. सौंसर आणि पांढुर्णा हा सातपुड्याच्या दक्षिण अंगाचा मराठी मुलूख. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि हे दोन्ही भाग मध्य प्रदेशातच राहिले. पुढे २०२३ साली ते छिंदवाड्यातून वेगळे काढून पांढुर्णा जिल्हा करण्यात आला. जाम नदीवरची पांढुर्ण्याची गोटमार सर्वांना ऐकून ठाऊक असते. पण या मुलुखाचा जीव आहे तो संत्र्यांत. गंमत अशी की बागाइतदारांचा शब्दही ‘बहार’च आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी फुलतो तो मृग बहार आणि जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो तो आंबिया बहार. मार्च लागतो तेव्हा एका बागेत मृगाचे पिकलेले फळ तोडणीच्या वाटेवर असते, तर बांधापलीकडच्या बागेत आंबियाची फुले गळून इवली फळे धरत असतात. त्या दिवसांत आभाळ बिघडले की दोन्ही बहारांवर घाला पडतो.

माझे सासरे, ज्यांना आम्ही मामाजी म्हणत असू, मोठे काटेकोर गृहस्थ. तहसिलीत असते तसे पर्जन्यमापक त्यांनी आपल्या बागेत बसविले होते. पाच इंच तोंडाचे नरसाळे, त्याखाली बाटली आणि काठ जमिनीपासून सुमारे ३० सेंटिमीटर उंच. रोज सकाळी साडेआठला बाटलीतले पाणी मापाच्या काचेत ओतावयाचे, डोळा पाण्याच्या पातळीशी आणून वाचावयाचे आणि आकडा वहीत लिहावयाचा. पाऊस नसला तर ‘निरंक’. अशी वीस-बावीस वर्षांची वही त्यांच्यामागे राहिली.

मामाजी गेल्यानंतरच्या फाल्गुनात आम्ही सारे सौंसरला जमलो होतो. बोलता बोलता मामीजी म्हणाल्या, "आपल्या बागेवर गारा पडल्या तो एक मार्च होता. त्या रात्री जावईबापूंची बैठक ठरली होती, म्हणून माझ्या पक्के ध्यानात आहे." धाकट्या मेहुण्याने वही काढली. त्या वर्षीचे १ मार्चचे पान उघडले, तर तेथे स्वच्छ अक्षरात ‘निरंक’! तो हसून म्हणाला, "आई, बाबांच्या वहीत तर थेंबसुद्धा नाही." मामीजींचा चेहरा पडला. "म्हणजे मी काय मनचं सांगते?" एवढेच बोलून त्या आत गेल्या.

मला तो दिवस चांगला आठवत होता. माझे वडील होळकर दरबाराच्या अखेरच्या वर्षांत तबला वाजवीत. मी त्यांच्या उतारवयाचे अपत्य. हवा दमट झाली की पुडी उतरते, हे त्यांनी मला लहानपणीच दाखविले होते. त्या दुपारी बैठकीसाठी मिळविलेला तबला सारखा उतरत होता आणि मी वादीला दोष देत बसलो होतो. पाचच्या सुमारास आभाळ काळवंडले आणि गारा आल्या. दहा-पंधरा मिनिटांत झाडांखाली संत्र्यांचा सडा पडला. बैठक कोठली व्हायला! मामाजी ओसरीवर बसून होते. काहीतरी बोलावयाचे म्हणून मी म्हणालो, "मामाजी, पाऊस मोजायचा का?" ते म्हणाले, "सकाळी साडेआठला, जावईबापू." दुसऱ्या दिवशी साडेआठला त्यांनी आधी पाऊस मोजला आणि मग ते झाडे पाहावयास गेले.

मी वहीचे पान उलटले. २ मार्चसमोर आकडा होता आणि पुढे एकच शब्द: ‘गारा’.

पर्जन्यमापनाची रीतच अशी आहे. ज्या सकाळी वाचन होते त्या तारखेस मागचे चोवीस तास जमा होतात. एक तारखेच्या सायंकाळचा पाऊस दोन तारखेच्या खाती जातो. वहीही खरी होती आणि मामीजीही खऱ्या होत्या. मेहुणा उठून आत गेला. थोड्या वेळाने मायलेक बाहेर आले, तेव्हा मामीजींच्या हातात चहाचे कप होते.

आकडा मात्र लहानच होता. पावसाळ्यात त्याकडे कोणी पाहिलेही नसते. नरसाळ्यावरून उसळून बाहेर पडलेली गार मापात येत नाही आणि झाडावरून पडलेले फळ तर नाहीच नाही. सरासरीची गोष्ट आणखी निराळी. हवामानशास्त्रात ती तीस वर्षांची काढतात. समजा, तीस वर्षांत एकाच १ मार्चच्या खाती १५ मिलिमीटर पाऊस लागला आणि बाकीचे एकोणतीस कोरडे गेले. सरासरी येईल अर्धा मिलिमीटर. आणि तेवढा पाऊस त्या तारखेला एकदाही पडलेला नसेल!

म्हणून आकडे निरुपयोगी, असे कोणी समजू नये. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश गारपिटीने झोडपले गेले. २०२५ चा फेब्रुवारी तर १९०१ पासूनचा देशातील सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. हे कळले ते कोणीतरी रोज ठरल्या वेळी उठून नोंद केली म्हणूनच. हिवाळा-उन्हाळ्याची शीव सरकते आहे की काय, हे पुढेही अशाच नोंदी सांगतील. फक्त त्या वाचताना शेजारचे पान उलटावे आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनाही विचारावे.

आपल्यापैकी अनेक जुन्या घरांतून रोजनिश्या, जमाखर्चाच्या वह्या, बागांचे हिशेब पेट्यांत पडून असतील. रद्दीत घालण्यापूर्वी त्यांतले १ मार्चचे पान एकदा उघडून पाहावे. ‘निरंक’ दिसले, तर पुढचेही पान पाहावे.

सौंसरची वही आता मेहुणा चालवितो. त्या विद्यार्थिनीला मी अजून तारीख सांगितलेली नाही. बहारची बंदिश मात्र सुरू केली आहे.